पापणीच्या वरचा रंग

नोकरदार बायकांच्या आमच्या हॉस्टेलवर बेसिनपाशी एकच आरसा आहे आणि सकाळी तो मिझोरामची मावी अडवून बसते. आधी माझी चिडचिड व्हायची. मग मी तिच्याकडे बघत उभी राहायला लागले. आम्ही बाकीच्या आयशॅडो लावताना डोळा मिटतो. ही मात्र डोळे टक्क उघडे ठेवून, पापणीच्या बरंच वर तपकिरी रंग बोटाने पसरवते.

"इतक्या वर का गं?"

"माझ्या पापणीवर घडी नाही ना, ताई. मिटून लावला तर डोळा उघडला की सगळा रंग आत जातो. कुणाला दिसतच नाही."

मी आरशात पाहिलं. वयाने माझ्याही पापण्या उतरल्यात. हौसेने लावलेला माझा जांभळा रंग इतके दिवस जायचा कुठे, ते आज कळलं. लग्नकार्याहून दमून आले की मी तोंड न धुता तशीच आडवी व्हायचे. तो रंग तेव्हा दिसत असणार, मिटल्या डोळ्यांवर, अगदी ठसठशीत. पण झोपलेल्या बाईकडे बघत बसायला खोलीत कुणीतरी लागतं.

"या, मी लावते," मावी म्हणाली. "माझ्याकडे बघा."

इतक्या जवळून माझ्याकडे शेवटचं कोण बघत होतं, आठवेना. डोळे भरून आले आणि आपोआप मिटले.

"मिटू नका ना, ताई. आत्ता कुठे दिसायला लागलाय."