गावकीची खोली

गावकीची खोली म्हणजे काय, हे मला आजवर एकाही सरकारी अधिकाऱ्याला समजावता आलेलं नाही. चाळकऱ्यांना बिल्डरशिवाय स्वतःची इमारत उभी करायला आमची संस्था मदत करते. त्यात माझे केस पांढरे झाले. लोक भाषणाला बोलावतात, शाल-नारळ देतात. पण ज्या एका खोलीसाठी मी या कामात पडले, तिचं काय झालं हे कोणी विचारत नाही, आणि मीही आपणहून सांगत नाही.

लालबागच्या चाळीतली ती खोली आमच्या देवगडकडच्या गावाची होती. गावातून गिरणीत आलेले गडी तिथे राहायचे. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. भिंतीला लागून सगळ्यांच्या ट्रंका. माझे वडीलही लग्नाआधी तिथेच होते. भाडेपावती मात्र एका काकांच्या नावावर, कारण सगळ्यांत आधी ते आले होते आणि चाळीचा मालक त्यांना ओळखत होता. नात्याने ते आमचे कोणी नव्हेत, पण गावचा वडीलधारा माणूस काकाच असतो. खोली आपली आहे असं त्यांनी कधी मानलं नाही, आणि इतरांनी त्यांना मानूही दिलं नसतं.

संप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. गिरणी सुरू झाली की येतो, असं सांगून गडी एकेक करून गावी गेले. ट्रंका ठेवून गेले. गिरणी काही सुरू झाली नाही. काका वॉचमनची नोकरी धरून राहिले, काकी आणि मुलाला त्यांनी गावाहून आणलं. मग खोलीवर वेगळीच माणसं येऊ लागली. गावात कुणाला मोठं दुखणं निघालं की परळच्या हॉस्पिटलात दाखवायला मुंबईत यायचं आणि थेट खोली गाठायची. काकी पेज वाढायची. किती दिवस राहणार, असं विचारायची पद्धत नव्हती. त्या वर्षांत शेजारपाजारचे लोक मिळेल त्या भावाने खोल्या विकून विरार-कल्याणकडे निघाले होते. ही खोली गेली तर गावाला मुंबईत पाठ टेकायला जागा उरणार नाही, या भीतीने मी घरांच्या कामात शिरले.

लालबागच्या त्या चाळीच्या पुनर्बांधणीचा नंबर फार उशिरा लागला. तोवर दुसऱ्यांच्या चाळी उभ्या करून मी पुरती पटाईत झाले होते. तरी अधिकाऱ्यापुढे माझी मात्रा चालली नाही.

"बाई, गाव काय खोलीत राहतं का?" तो म्हणाला. "एका खोलीला एक कुटुंब, एक नाव. नाव सांगा."

गावच्या नावावर खोली करायची तर नियमच बदलायला हवा होता, आणि तोपर्यंत अख्ख्या चाळीची परवानगी अडकली असती. बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? मी गावकऱ्यांना खोलीवर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं: कागद काकांच्या एकट्याच्या नावाने होईल, उद्या त्यांच्या घरच्यांनी नाही म्हटलं तर तुम्हाला कुठेही दाद मागता येणार नाही.

"तू आसस मां," एक म्हातारे म्हणाले. "मगे आमका कसली भीती?"

त्यांनी कागदावर वेळ घालवलाच नाही. नारळ ठेवला आणि काकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, खोली गावाची आसा, माझा फकस्त नाव आसा, ता असाच चलान दी." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. आमच्याकडे गाऱ्हाण्यापुढे स्टँपपेपरची पत्रास नसते.

काकांनी शब्द मोडला नाही. इमारत झाली, त्यांना वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला आणि गावची माणसं तिथेही येऊ लागली. काकी तोवर गेली होती. सून एकदा माझ्या दादरच्या ऑफिसात आली.

"ताई, माझं काही म्हणणं नाही हो," ती म्हणाली. "पण मुलगी बारावीला आहे. हॉलमध्ये रोज नवीन माणूस खोकतोय. ती अभ्यास कुठे करणार, सांगा ना तुम्हीच."

तिचं खोटं नव्हतं. चाळीत दुखणेकरी गॅलरीत बसायचा, चार घरं त्याला वाटून घ्यायची. नव्या इमारतीत गॅलरी नव्हती. दार लावलं की सगळा भार त्या एका बाईवर.

पुढे सोसायटीनेच ठराव केला की बाहेरच्या माणसांना मुक्कामाला ठेवायचं नाही. लिफ्ट, पाणी, सुरक्षितता वगैरे कारणं होती. कमिटीत बसलेले सगळे अशाच खोल्यांमध्ये वाढलेल्यांची मुलं. ठराव कसा लिहायचा, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मी भांडायला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, सोसायटी आमची आहे, हे तुम्हीच सांगता ना?" आपलेच दात, आपलेच ओठ. मी उठून खाली उतरले.

त्यानंतर काही महिन्यांनी सुनेचा फोन आला. काका आठवडाभर घरी झोपायला येत नाहीत, जेवतात आणि जातात, कुठे ते सांगत नाहीत. मला ठिकाण विचारावं लागलं नाही. संध्याकाळी हॉस्पिटलच्या भिंतीकडेच्या फुटपाथवर ते सापडले. चटई अंथरली होती, शेजारी स्टोव्ह. गावचा एक माणूस आजारी होता, त्याची बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काका भात शिजवत होते.

"काका, हे काय?" मी विचारलं. "तुमचं घर आहे ना?"

"गावचो माणूस हयसर आणि मी थय पंख्याखाली, ह्या बरा दिसता काय?" ते शांतपणे म्हणाले.

मला रडू आलं आणि स्वतःचा भयंकर राग आला. या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर मी बांधलेली इमारत होती, आणि पुढच्या चाळीचा नकाशा माझ्या पिशवीत होता. त्यातही फ्लॅटच फ्लॅट होते.

त्या बाईने काकांना विचारलं, ही कोण.

"आपल्या गावची," काका म्हणाले. "लोकांची घरां बांधता."

तिचा चेहरा उजळला. "मगे आमका खय जागा मेळात काय गो बाय?"

माझी स्वतःची दोन खोल्यांची जागा दादरला होती. मी टॅक्सी थांबवली, दोघांना आत बसवलं, त्यांची बोचकी घेतली. काका जागचे हलले नाहीत.

"चला ना, तुम्हीही चला," मी म्हणाले.

त्यांनी भाताचा टोप माझ्या हातात दिला आणि मोकळी झालेली चटई नीट पसरली.

"सकाळच्या गाडीन गावची आणखी दोघां येतली," ते म्हणाले. "जागा धरून बसाक कोणतरी व्हयो."