पाण्याच्या वाटेवरचे प्लॉट

आमची मामी कुणाच्या नव्या घरी गेली, की आधी अर्धा तांब्या पाणी प्यायची, उरलेलं अंगणात ओतायची आणि ते कुठं वाहत जातं ते बघत उभी राहायची. मग आत. बायका तोंडाला पदर लावून हसत. मामी म्हणायची, "हसा. माणूस खोटं बोलते, नकाशा खोटं बोलते, पाणी नाही बोलत."

तिचं माहेर धानाच्या मुलखातलं, तळ्याकाठचं. तळ्याचं पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, जायचं यावरची भांडणं ऐकतच ती वाढली होती. मामाचं तालुक्याच्या गावी पितळी भांड्यांचं दुकान. सत्तरच्या दशकात नगरपालिकेच्या निवडणुकीत एखादी बाई हवी म्हणून मामाच्या मित्रांनी तिचं नाव दिलं. ती मुकाट्यानं बसेल असा सगळ्यांचा हिशेब. पहिल्याच सभेत तिनं बाजारातल्या तुंबलेल्या गटाराचा विषय काढला आणि तास-दीड तास कुणाला उठू दिलं नाही. तेव्हापासून ती गावाची मेंबरीण झाली. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहत होतो, म्हणून हे सारं जवळून पाहिलं.

गावाबाहेर एक जुनी बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती, आणि तिच्याखाली धानाच्या बांध्या. मामानं दोन भागीदारांबरोबर ती जमीन घेतली. बोडी बुजवून प्लॉट पाडायचं ठरलं. नकाशा मंजुरीसाठी नगरपालिकेत आला आणि जागा पाहून मत देण्यासाठी मेंबरांची समिती नेमली गेली. मामी तिच्यात होती. मामाला वाटलं, काम सोपं झालं.

मामी मला घेऊन जागेवर गेली. पावसात बोडी भरली की पाणी बांध्यांमधून उतरून खालच्या नाल्याला मिळायचं. नकाशात त्या वाटेवर घरं होती आणि मागून एक अरुंद गटार काढलेलं. नगरपालिकेच्या इंजिनीअरनंही शेरा मारला होता, की नाला रुंद आणि उघडा ठेवावा. म्हणजे दोन प्लॉट सोडावे लागणार होते.

"दोन प्लॉट सोडले तं आमच्या हाती काय राह्यते?" जेवताना मामा म्हणाला.

"माणसं राह्यतात," मामी म्हणाली.

"तू माही बायको हायेस का नगरपालिकेची?"

मामीनं त्याच्या ताटात भात वाढला. त्या पावसाळ्यात ती हटली नाही, हिवाळ्यातही नाही. मामानं तिच्याशी बोलणं सोडलं, मग तिच्या हातचं जेवणं. दुकानातच झोपू लागला. भागीदारांच्या बायका हळदीकुंकवाला तिला बोलावीनात. नगरपालिकेच्या सभेत नकाशावर मतदान होतं, त्या दिवशी मात्र तो घरी आला आणि उंबरठ्याबाहेरूनच म्हणाला, "आज हात वर नाही झाला तं मी या घरात पाय ठेवत नाही."

संध्याकाळी मामी परत आली. मागच्या दारी पायरीवर बसली. मी पाणी नेऊन दिलं. "केला वर," ती म्हणाली. तांब्या तसाच हातात राहिला.

घरं उभी राहिली. पाण्याच्या वाटेवर जी दोन घरं झाली त्यातलं एक चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला असलेल्या रामदासनं घेतलं. घरात तो आणि त्याची आई सोनाबाई, लकव्यानं खाटेला खिळलेली. दर पावसाळ्यात मामी तिच्याकडे जाऊन भिंतींचे कोपरे हातानं चाचपायची. सोनाबाई म्हणायची, "तुमी कायले जिवाले लावून घेता, मेंबरीणबाई? बेस हाये घर." आणि ते बेस घर ऐकून मामीचा चेहरा उतरायचा.

काही वर्षं काहीच झालं नाही. मग एका भादव्यात झड लागली ती उघडेचना. दुपारी गटार फुगलं आणि पाणी आपल्या जुन्या वाटेनं आलं. शेजारी आपापली पोरं उचलून पळाले. रामदास खाणीत होता. मागच्या खोलीतल्या सोनाबाईची आठवण कुणाला झाली, तेव्हा खाट पाण्याखाली होती.

त्यानंतर मामी झोपेतून नव्हे, भर दिवसा, भाजी चिरताना दचकायची. "कोणी हाक मारून राहिलं का रे?" मी नाही म्हटलं तरी ती उठून दारापर्यंत जायची. पाऊस सुरू झाला की ती घरात थांबत नसे, छत्री न घेता त्या बाजूला चालू लागे. मामा तिला आणायला मागून जाई.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मामाला एवढंच सांगितलं, "ते दोन्ही घरं विकत घ्या आन् पाडा." मामानं वाद घातला नाही. भिंती पडल्या, नाला उघडा झाला. रामदासनं दुसरीकडे घर घेतलं, पण दर सणाला तो मामीला भेटायला यायचा. नाला उघडा राहावा म्हणून भांडलेली बाई, असं तो तिला मानायचा.

एका पोळ्याला तो चहा पीत असताना मामी म्हणाली, "रामदास, मी भांडली हे खरं. पण शेवटी हात वर केला मीच. तो नकाशा माह्या हातानं पास झाला."

रामदासनं कप खाली ठेवला. उठला आणि निघून गेला. त्यानंतर तो आला नाही. मामी सणाच्या दिवशी एक कप जास्त मांडायची.

ऐंशीचं दशक सरता सरता मामी गेली. नदीच्या घाटावर आम्ही तिला नेलं तेव्हा रामदास दिसला. त्यानं खांदा दिला नाही, चितेवर लाकूडही ठेवलं नाही. लांब एका दगडावर बसून होता. सगळे परत निघाले तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो. "चला ना, रामदासभाऊ."

"तुमी व्हा समोर," तो म्हणाला. "माही माय गेली त्या दिवशी मी खाणीतून येईपर्यंत ह्या एकट्याच तिच्यापाशी बसल्या होत्या. चिखलात. मी बसतो थोडा वेळ."