वहिनींचा डावा डोळा

पदराच्या टोकाची घडी घालायची, ती डाव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात दाबून धरायची आणि म्हणायचं, "काही नाही व, डोळा आहे. चालू द्या तुमचं." आमच्या समोरच्या वहिनींची ही सवय आमच्या हिंदी मुलखातल्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्याला पाठ होती. त्या सांगायच्या ते खरंच होतं. डोळ्यातलं पाणी नाकात उतरण्याची नळी बुजलेली, म्हणून ते गालावरून वाहायचं. पण लोकांना वाटायचं, किती हळवी बाई, आणि वर लपवते.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. तिच्या शेजारी राहणं किती कठीण असतं ते मला विचारा. माझं दुखणं नेमकं उलटं. माझ्या डोळ्यांत पाणीच तयार होत नाही. दिवसभर वाळू गेल्यासारखं खुपतं आणि दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात. त्यामुळे त्या मायाळू आणि मी दगड, असा निकाल मोहल्ल्यानं कधीच देऊन टाकला होता.

कुणाकडे दुखवट्याला जायचं असलं की बायका आधी वहिनींना हाक मारायच्या. मुलीची पाठवणी असली की नवरी आईच्या आधी यांच्या गळ्यात पडायची. एकदा गोल बाजारात एका कढईसाठी मी अर्धा तास घासाघीस केली, दुकानदार ढिम्म. वहिनींनी नुसतं पदराचं टोक डोळ्याला लावलं, तर तो म्हणाला, "अरे दीदी, रोइए मत, ले जाइए!" कढई त्यांच्या पिशवीत गेली. मी रिकाम्या पिशवीनं घरी आले.

खरं सांगते, मी जळत होते. तरी तोवरचं जळणं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग माझ्याकडे राहणारी माझी आई गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायका भेटायला आल्या. वहिनी माझ्याजवळ बसल्या आणि त्यांच्या डोळ्याला धार लागली. माझे डोळे नुसते जळत होते. असह्य झालं तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले आणि थेंब घातले. घाईत जास्त पडले, गालावर ओघळले. तेवढ्यात शेजारच्या घरची नवी सून ग्लास घ्यायला आत आली. तिनं बाटली पाहिली, माझा गाल पाहिला आणि बाहेर जाऊन हळूच सासूला सांगितलं, "आंटी तो दवाई डालकर रो रही हैं।"

हळूच सांगितलेलं चार घरांत ऐकू जातं. मी बाहेर आले तर सगळ्यांच्या नजरा माझ्या गालावर. दोघीजणी वहिनींची पाठ चोळत होत्या आणि ती सून त्यांना पाणी पाजत होती. आई माझी गेली आणि पाणी त्यांना! त्या दिवसापासून मी वहिनींशी बोलणं टाकलं. त्या दारातून "काय करून राहिली व?" म्हणायच्या, मी दार लोटून घ्यायचे.

पाचेक महिन्यांनी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकाच बाकावर येऊन बसलो. माझ्या पापणीत डॉक्टरांनी कागदाची पट्टी अडकवून ठेवली. ती कोरडीच निघाली. मग वहिनींच्या नळीत पिचकारीनं पाणी सोडून विचारलं, "घशात आलं?" उजव्या डोळ्याचं आलं, डाव्याचं सगळं उलटून बाहेर. डॉक्टर म्हणाले, "उजवी नळी साफ आहे. डावीचं छोटं ऑपरेशन करू, वाहणं थांबेल." वहिनी म्हणाल्या, "राहू द्या."

परत येताना ई-रिक्षात मला राहवलं नाही. "ऑपरेशन काहून नाही करत?"

"डोळा सुकला तं मले कोण बोलावन व?" त्या म्हणाल्या. "ना पोट्टा, ना पोट्टी. भाचा तिकडे बीरगांवले, त्याले सवड नाही. या डोळ्यापायी चार घरी पाट मांडते लोक."

माझ्या जिभेला मात्र दया नव्हती. "आईच्या वेळेस सगळ्यायनं तुमचीच पाठ चोळली. माह्यासाठी काय उरलं?"

वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी उजवा बी वाहत होता. तुही आई मले पोट्टी म्हणे. या वयात मले पोट्टी म्हणणारं कोण राह्यलं?"

मला आठवलं. त्या दिवशी पदराचं टोक खरंच दोन्ही डोळ्यांना लागत होतं, आणि उजवी नळी तर साफ होती. मी मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडत बसले होते, म्हणून नीट पाहिलं नाही. वाईट वाटलं, पण हेवाही दुप्पट झाला. माझ्या आईसाठी रडायला त्यांना जमलं आणि मला नाही! तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली तेव्हा मी दार उघडलं.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. भाच्यानं तिसऱ्या दिवशी त्यांच्याच खोलीत सतरंजी घातली. बायका आल्या, पण जिच्या आधारानं बाकीच्यांना रडू यायचं, तीच नव्हती. कुणी पंख्याकडे बघत होतं, कुणी मोबाईलकडे. माझे डोळे जळायला लागले. या वेळी मी उठून आत गेले नाही. सगळ्यांसमोर पिशवीतून बाटली काढली आणि थेंब घातले, आधी डाव्यात, मग उजव्यात. ओघळले ते ओघळू दिले.

शेजारची तीच सून उठली. पाण्याचा ग्लास भरून आणला आणि माझ्या हातात देत म्हणाली, "लीजिए आंटी, थोड़ा पी लीजिए।" मी सगळं पाणी प्याले.

वहिनींचा हेवा मला अजून वाटतो. मी आधी गेले असते तर माझ्यासाठी त्या दोन्ही डोळ्यांनी रडल्या असत्या. पण त्या पुढे निघून गेल्या आणि रडायचं काम माझ्यावर टाकून गेल्या, तेही मला जमत नाही हे पक्कं माहीत असून.