प्रिन्सिपल साहेबाच्या आवाजातला फोन

आमच्या आदिलाबादच्या कॉलेजात एकेकाळी फुटबॉलची टीम होती. शाळेत असतानी मी तिच्या मॅचा पाहाले जायचो, पण मी भरती व्हायच्या आधीच ती बंद पडली. एका मॅचमधी मारामारी झाली, प्रिन्सिपल साहेबानं गोलाच्या जाळ्या कपाटात कोंडल्या आन् म्हणले, बस. टीमसंगं कोचसरही गेले. त्यायची नोकरी काही पक्की नव्हती. भैंशा गावाले जाऊन एका जिनिंगमधी कापूस मोजायच्या काट्यावर बसू लागले.

नव्वदच्या आसपास तिघा जुन्या खेळाडूयनं ठरवलं, टीम परत उभी करायची. त्यातला एक मास्तर झाला होता, एकाचं किराणा दुकान होतं. मी त्याच वर्षी पास होऊन निघालो होतो. मले बॉल धड मारता येत नाही. पण मी लोकायचे आवाज काढतो, म्हणून मले संगं ठेवत. साहेबाले अर्ज देऊन बाहेर आलो का साहेब कसे बोलले ते मी करून दाखवायचं, आन् त्यायनं हसायचं. एवढीच माही ड्युटी.

साहेब तेलुगू माणूस. थोडी मराठी, थोडी उर्दू, आन् प्रत्येक गोष्टीच्या शेवटी नाकातून ‘चूद्दाम’, म्हणजे बघू. चार महिने आमी चूद्दाम ऐकलं. पाचव्या खेपेले मात्र त्यायनं अर्ज ठेवून घेतला. म्हणले, “सोमवार को आओ. कोच को भी लेंगे, त्याचा काम चांगला होता. चूद्दाम.”

त्या शनिवारी आमी एसटीडी बूथवर गेलो. कोचसरले एवढंच सांगायचं होतं का सोमवारी काय ते ठरते, तुमी तयारीत राहा. आमच्यातल्या किराणा दुकानवाल्यानं जिनिंगचा नंबर लावला आन् म्याच रिसीवर घेतला. काऊन घेतला, काय सांगू. तीन जण माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते.

“कोच साब? टीम मंजूर. सोमवारपासून या. अब काटा छोडो, शिट्टी पकडो.”

मले वाटलं, सर आता शिव्या देतील. गणपतीत माह्या नकला त्यायनं पाहिल्या होत्या. पण ते हळूच म्हणले, “साहेब, लय उपकार झाले.” आन् फोन ठेवला.

हे तिघं पोट धरून बसले. दुकानवालाच आधी थांबला. “अबे, परत लाव. खरं वाटलं त्यायले.”

लावला. लागला नाही. “उद्या सांगू,” मी म्हणलो.

रविवारी जिनिंगचं ऑफिस बंद, घंटी वाजत राहे. भैंशाले दिवसभर बस होत्या. मी एका घरी हळदीत नकला करायले गेलो.

सोमवारी आमी पोचलो तं सर आधीच साहेबासमोर उभे. इस्तरीची पँट, गळ्यात शिट्टी, टेबलावर पेढ्याचा डबा.

“मैंने कब फोन किया?” साहेब म्हणून राह्यले होते. आमाले पाहिल्यावर त्यायचा चेहराच बदलला. “माझ्या नावाने ऑर्डर देता तुम लोग?”

सरनं माह्याकडं पाहिलं. एकदाच. मंग साहेबाले म्हणले, “नाही साहेब, चूक माहीच. तिथं मशीनचा लय आवाज राहते. कोण बोलते ते नीट समजलं नाही.”

मी तेवढ्यात बोललो असतो तं एकट्या माह्यावर निभावलं असतं. मी फरशी पाहत राह्यलो. साहेबानं अर्ज काढला, लाल पेनानं आडवी रेघ मारली आन् दुकानवाल्याच्या हातात दिला. यावेळी चूद्दाम म्हणले नाही. ती टीम मंग कधी झालीच नाही.

बसस्टँडवर सरची पिशवी मी घेतली होती. त्यात त्यायचे बूट होते, नवीन लेस लावलेले.

“जिनिंगमधी उद्या जाता ना, सर?”

“काट्यावर शनिवारीच दुसरा बसवला मालकानं. मीच म्हणलो होतो, बसव.” मंग म्हणले, “आवाज मात्र हुबेहूब होता. माहा काढतं का रे?”

“नाही, सर.”

“काऊन बा? सगळ्यायचा काढतं.”

मी रोजच काढत होतो. त्यायचं एक पाय ओढत पळणं, शिट्टी तोंडात धरूनच ओरडणं. हे तिघं त्यावर सगळ्यात जास्त हसत.

भैंशाची बस लागली. सर खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आन् पेढ्याचा डबा माह्या हातात दिला. “घरी दे,” म्हणले.

बस निघाली तरी शिट्टी त्यायच्या गळ्यातच होती. सांगावं वाटलं, सर, काढून ठेवा, लोक पाहतात. तेही माह्यानं सांगवलं नाही.