निळ्या चुन्याची खडी

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो.

नेकनूरच्या बाजूला एक नवा रस्ता झाला होता. पाडलेल्या पाण्याच्या टाकीचे काँक्रीट क्रशरवर फोडून, चाळून, त्याची खडी डांबरात वापरण्याचा तो प्रयोग होता. दोन महिन्यांत खडी सुटली. मोटारसायकल घसरून मागे बसलेल्या बाईंचे खुब्याचे हाड मोडले. नवऱ्याने फिर्याद दिली. ठेकेदार म्हणाला, "राडारोड्याचा रस्ता असाच होणार." ठपका आला तो प्रयोग सुचवणाऱ्या तरुण अभियंता बाईंवर. निलंबनाची तयारी सुरू होती.

अभियंता बाई ठाण्यात येऊन एवढेच म्हणाल्या, "साहेब, मी सांगितलेला माल तिथं पडलाच नाही."

चार दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एकाने नाव न सांगता खबर दिली. "टाकीचा माल कवाच संपलाता. खडीत इटा हायत, चुना हाय. खोदून बगा."

पंचांसमक्ष रस्त्याचा तुकडा कापला. डांबरात विटेचे तांबडे कण होते आणि गिलाव्याच्या खपल्या. अशा मालाला डांबर धरत नाही. एका खपलीवर गडद निळा चुना होता. मी ती हातात घेतली आणि पंचनामा सांगता सांगता थांबलो. जमादार माझ्याकडे बघत राहिले.

नोकरीच्या सुरुवातीला आम्ही जुन्या पोलीस लाइनीत, कडेच्या खोलीत राहायचो. दर दिवाळीला माझी पत्नी स्वयंपाकघराच्या चुन्यात मूठभर जास्तच नीळ घालायची. शेजारणी हसायच्या. ती म्हणायची, "धुरात तेवढंच आभाळ दिसतं." ती जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि लाइन त्या रस्त्याचे काम चालू असतानाच पाडली होती.

निळा चुना हा काही पुरावा नव्हे. पण विचारायचे काय, ते मला कळले. ठेकेदाराची खडी वाहणाऱ्या टिप्परचा चालक दोन तास "म्हाईत न्हाई" एवढेच म्हणत होता. मी विचारले, "पोलीस लाइनीतून किती खेपा केल्या?"

त्याने मान वर केली. "तुमाला कुणी सांगितलं?"

"तिथं माझं घर होतं."

त्याने डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "मालक म्हनला, चाळायला येळ न्हाई, टाक बे तसंच. साहेब, कडेच्या खोलीची निळी भित लई टनक व्हती. मशीननं दोनदा धडक दिली तवा पडली."

मी त्याला पाणी द्यायला सांगितले. पुढचा जबाब जमादारांनी लिहून घेतला.

चालकाच्या जबाबावरून खेपांच्या पावत्या सापडल्या. ठेकेदारावर दोषारोपपत्र गेले. अभियंता बाईंची नोकरी वाचली. त्यांनी तोच रस्ता नीट चाळलेल्या राडारोड्याने पुन्हा करून घेतला आणि तो आजही शाबूत आहे. टाकाऊ मालाला दोष देणे सोपे असते. तो कुणी आणि कसा टाकला हे आधी विचारावे, एवढे मी तिथे शिकलो.

पत्नी शेवटच्या आजारपणात म्हणायची, "एकदा लाइनीकडं जाऊन येऊ." मी म्हणायचो, "हा बंदोबस्त संपू दे."

नोकरीभर मी लोकांना विचारत आलो, त्या वेळी तुम्ही कुठे होता? लाइन पाडली त्या दिवशी मी शेजारूनच जीपमधून गेलो होतो. धूळ येत होती, म्हणून काच वर केली.