राणीचं नाक

आमच्या सासूबाईंनी आम्हा दोघी सुनांना एकेक राणीछाप रुपया दिलेला, लक्ष्मीपूजनात ठेवायला. चांदीचे, एकाच सालचे. माझा मी दर धनत्रयोदशीला आधी चिंचेने, मग रांगोळीने असा घासायचे की आरसाच! धाकटी जाऊ ठाण्याला कोपरीत राहते, तिचा मात्र फडक्यात गुंडाळलेला, काळाकुट्ट. "अगं, लक्ष्मी आहे ती, आंघोळ तरी घाल," असा टोमणा मी मारायचेच.

यंदा दिवाळीच्या तोंडावर इथे डोंबिवलीत जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं. जावेचे गुडघे दुखतात, म्हणून तिचाही रुपया मीच नेला. खरं सांगू? मला माझा मिरवायचा होता.

तिथल्या माणसाने भिंग लावलं. "काकू, हे साल सहसा मिळत नाही हो." मी फुलले. मग त्याने तो काळा उचलला. "याला हौशी लोक मागाल ते देतील. राणीच्या केसांची बट न् बट शाबूत आहे. आणि हा... घासता ना? नाक गेलंय बघा राणीचं. याला आता नुसता चांदीचा भाव."

"अहो, पण साल तेच ना?"

"साल तेच, पण चेहरा कुठाय?"

असा जळफळाट झाला माझा! हात दुखेपर्यंत घासलं मी, आणि नशीब उघडलं त्या आळशिणीचं. फोनवर तिला एवढंच म्हटलं, "बरे आहेत म्हणाला."

दिवाळी आमची एकत्र, माझ्या घरी. धनत्रयोदशीला जाऊ आली तेव्हा मी समया घासायला चिंच कोळत बसलेले. तिचा रुपया मी परत दिला, तर तिनेच तो पुन्हा माझ्या हातात ठेवला. "ताई, यंदा माझाही लख्ख करून द्या. तुमच्या टोमण्यांना कंटाळले बाई!"

एका हातात रुपया, दुसऱ्या हाताला चिंच. एकदा अंगठा फिरवला असता की दोघी सारख्या. राणी माझ्याकडे बघत होती, नाकासकट.

"नको गं," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

ती खो खो हसली. "म्हणजे ताई, माझ्या आळसाला भाव आला म्हणायचा!"

पूजेत दोन्ही रुपये शेजारी मांडले. हळदकुंकू माझ्याच रुपयाला वाहिलं. तिच्या रुपयाला मी कुणाला बोट लावू दिलं नाही, डाग पडेल म्हणून. आणि आरती संपेपर्यंत माझी नजर त्या मेल्या काळ्यावरून हलली नाही.