पहिलं येईल त्याला माझं नाव

कुमुद गेल्याचं आमच्या इमारतीच्या फळ्यावर मीच लिहिलं. पहाटे हॉस्पिटलातून फोन आला होता, मी अजून तोंडही धुतलं नव्हतं, आणि सेक्रेटरी खडू घेऊन दारात उभे. म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे." यांना अक्षराची पडलेली. पण लिहिलं. श्रीमती कुमुद दातार यांचे दुःखद निधन. थोड्या वेळाने पुन्हा खाली गेले, तर दोघी बायका फळ्यापुढे उभ्या राहून एकमेकींना विचारत होत्या, ही कुमुद कोण गं? आणि माझ्या अक्षराखाली कुणीतरी कंसात लिहून ठेवलं होतं, 'कुत्र्यांवाल्या मावशी'. मला असा संताप आला की पदरानेच तो कंस पुसून टाकला. डोंबिवलीत, मानपाड्याच्या या इमारतीत तिचं अर्धं आयुष्य गेलं, आणि तिचं नाव कुणाला धड माहीत नव्हतं.

कल्याण सोडून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की आत एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या जागेवर कुत्र्यामांजरांचा निवारा आहे. पत्र्याच्या शेड, तारेच्या जाळ्या, वर तापलेलं आभाळ. नवरा गेल्यावर कुमुद तिथे मदतीला जायला लागली आणि नंतर मलाही ओढून नेलं. मला जनावरांचं वावडं, पण ती मागे लागली की कुणाचं काय चालणार? पहिल्याच दिवशी दुपारी ती भाताची बादली घेऊन निघाली आणि हाका मारायला लागली, "सुधाकरराव, या. वत्सलाबाई, उठा, जेवून घ्या..." माझ्या हातातलं वाडगं हातातच राहिलं. सुधाकरराव आमच्याच इमारतीतले, आधीच गेलेले, आणि वत्सलाबाई म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, ज्यांच्या तेराव्याला आम्ही दोघी नुकत्याच जेवून आलो होतो. शेडमागून एक पट्ट्यापट्ट्यांची कुत्री संथपणे आली आणि लांब बसून राहिली. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत तिने वाडग्याला तोंड लावलं नाही. वत्सलाबाईंचंही तेच होतं... कुणाकडे कसलंही कार्य असो, पंगत उठल्याशिवाय बाई पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत.

परतताना रिक्षात मी तिला फैलावर घेतलं. "डोकं फिरलंय का तुझं? गेलेल्या माणसांची नावं जनावरांना?" ती हसली. म्हणाली, "फळ्यावर नाव आलं, की त्यानंतर जे पहिलं येईल त्याला ते देते. मी निवडत नाही. बघ ना, माणूस गेलं की त्याचं नाव फोटोखाली राहतं, दाराच्या पाटीवर राहतं. हाक कुणी मारत नाही. जेवायला ये म्हणून तर नाहीच." डोंबिवली येईपर्यंत मी बाहेर बघत बसले.

सुधाकररावांच्या मुलाच्या, नितीनच्या, कानावर हे कुठून तरी गेलं. तो तणतणत निवाऱ्यावर आला. "माझ्या वडिलांचं नाव कुत्र्याला देता? लाज नाही वाटत?" कुमुद भात कालवत होती, तिने मानही वर केली नाही. "हाक मारून बघ," म्हणाली. आता बापाला नावाने हाक कोण मारतो? नितीनच्या तोंडून अगदी बारीक आवाजात आलं, "बाबा..." पाण्याच्या टाकीखाली एक थोराड पिवळा कुत्रा पडलेला असायचा. त्याला ऐकू येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, कारण सुधाकरराव म्हणून कितीही ओरडा, वाडगं दिसल्याशिवाय तो हलायचा नाही. तो उठला, सरळ चालत आला आणि नितीनच्या बुटावर हनुवटी टेकून बसला. त्या कुत्र्याला बाबा म्हणून कुणी कधी हाक मारली नव्हती. नितीन खाली बसला तो बराच वेळ उठला नाही. "मी चिडलेलो असलो ना मावशी, की बाबा असेच काही न बोलता जवळ येऊन बसायचे," एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो दर रविवारी येतो. मी कुमुदकडे पाहिलं, तर तिला काडीचंही नवल वाटलेलं नव्हतं. कुत्र्यापेक्षा मला तिच्या त्या नवल न वाटण्याचीच जास्त भीती वाटली.

मग तिचं दुखणं निघालं आणि हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथे ती आजी होती, पेशंट होती, खिडकीजवळची बाई होती. एका दुपारी मी संत्रं सोलत बसले होते, तेव्हा डोळे मिटूनच बोलली, "तुझ्याशिवाय मला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही गं. मी गेल्यावर पहिलं येईल त्याला माझं नाव द्यायचं. निवडायचं नाही हं." मी म्हटलं, "गप्प बस. कुत्र्याच्या जन्माला यायची कसली हौस?" तर म्हणाली, "जन्मबिन्म काही नको. नुसती हाक हवी." तिच्या हातात हात देऊन मी हो म्हटलं.

ती गेल्यावर पहिलं आलं ते कुत्र्याचं एक मादी पिल्लू. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर कुणीतरी गोणत्यात टाकून गेलेलं. प्राजक्ताने आणलं. ही आमच्याच भागातली, कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीला निवाऱ्यावर राबते. पिल्लाला रक्ताचे जुलाब होत होते, मान धरवत नव्हती. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, काही सांगता येत नाही. प्राजक्ताने मला बाजूला घेतलं. "काकू, प्लीज, हिला नका देऊ ते नाव. ही नाही वाचणार. उद्या मी निवाऱ्याच्या ग्रुपवर काय टाकू, कुमुद गेली म्हणून? परत?" मी म्हटलं, थांबू. पुढचं एखादं धडधाकट येईल, त्याला देऊ, कुमुद समजून घेईल. पिल्लाला सगळे 'ती विठ्ठलवाडीची' म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी बादली घेऊन निघाले. सुधाकररावांना हाक मारली, वत्सलाबाईंना मारली. कुणी आलं नाही. सगळी कुत्री आपापल्या जागी उभी होती, पत्र्यावरची मांजरंसुद्धा, आणि एकही माझ्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांची तोंडं कोपऱ्यातल्या त्या वेगळ्या ठेवलेल्या पिंजऱ्याकडे. एवढी जनावरं, आणि श्वासाचाही आवाज नाही... प्राजक्ताने माझं मनगट घट्ट धरलं. "काकू, हे काय चाललंय?" कुजबुजली.

काय चाललंय ते मला कळलं होतं. मी निवडत होते. जी एकच गोष्ट करू नकोस म्हणून ती सांगून गेली, तीच. शेवटी कुमुदलाही मान धरवत नव्हती, मग तेव्हा काय तिचं नाव काढून घ्यायचं होतं? भीती माझी होती. ती गेली हे पुन्हा एकदा ऐकायची माझी तयारी नव्हती. पण दुसऱ्यांदा गेली तर दुसऱ्यांदा रडेन, त्यात काय? मी पिंजऱ्याशी गुडघे टेकले. गॅलरीतून तिला हाक मारायचे तशी चढ्या आवाजात मारली, "कुमुद, अगं ऊठ, जेवून घे." पिल्लाचा एक कान हलला. बास, तेवढंच. पण माझ्या पाठीमागे वाडगी वाजायला लागली, सगळी खायला लागली होती.

ती वाचली. डॉक्टर म्हणतात नशीब, मी वाद घालत नाही. आता तिथे दिवसभर तिचं नाव चालू असतं. कुमुद, चप्पल सोड. कुमुदला औषध दिलं का? नितीनला आधी जड गेलं, मावशीला नावाने कसं म्हणू म्हणत होता, आता तोच सगळ्यात मोठ्याने ओरडतो. कुमुदला उभ्या आयुष्यात एवढ्या हाका कुणी मारल्या नसतील. ऐकताना मला बरं वाटतं आणि थोडी भीतीही वाटते, दोन्ही खरं आहे. संध्याकाळी निघण्याआधी मी शेडच्या फाटकातून हाक मारते तेव्हा ती बाहेर भट्टीच्या मोकळ्या अंगणातून धावत येते. पण मध्येच थांबते, मागे वळते, तिथे कुणी नसतं तरी थोडा वेळ बघत राहते, आणि मग कुणाच्या तरी पावलाशी पाऊल जुळवत असावी तशी हळू चालत येते. मी फाटक लगेच लावत नाही. दोघी आत आल्या असं वाटलं, की मगच कडी घालते.